अडुळशाचे दोन नमुने

अडुळशाच्या पानात औषध नेमकं किती आहे, हे मोजायला मला दीड दिवस लागायचा. तोही पान आधीच वाळलेलं असेल तर.

काम सांगायला सोपं आहे. पान कुटायचं, चाळायचं, त्याचा अर्क काढायचा. अर्काचे बारीक ठिपके एका पांढऱ्या पट्टीवर ठेवायचे आणि पट्टीची खालची कड द्रावणात बुडवून ती उभी करायची. द्रावण पट्टीवर चढत जातं, त्याच्याबरोबर अर्कातली द्रव्यं आपापल्या वेगानं चढतात आणि वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. खोकल्यावर काम करणारं द्रव्य, म्हणजे व्हॅसिसीन, कुठं थांबतं ते आम्हाला ठाऊक होतं. यंत्र तेवढ्या जागेवर प्रकाश फिरवून कागदावर एक टेकडी काढून द्यायचं. शेजारी शुद्ध द्रव्याची टेकडी. दोन्हींची तुलना केली की पानातला आकडा मिळाला. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर असला की माल घ्यायचा, खाली असला की परत.

चिकलठाण्याच्या एका लहानशा आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात मी हे काम बरीच वर्षं केलं. प्रयोगशाळा दोन खोल्यांची आणि तिथं कायमची मी एकटीच, म्हणून सगळं यादीवर चालायचं. रसायनांची यादी, काचेच्या भांड्यांची यादी, कुठल्या वारी कुठलं काम त्याची यादी. सगळ्यात महत्त्वाची यादी पुरवठादारांची. कारखान्यानं वनस्पती कुणाकडून घ्यायच्या ती नावं त्या वहीत होती आणि वही माझ्या कपाटात. नाव चढवायचं की उतरवायचं हे शनिवारच्या बैठकीत ठरे, पण रेघ मारायची ती मी.

सलग कोरड्या गेलेल्या वर्षांतली ही हकीकत आहे. शहराच्या पाट्यांवर तेव्हा औरंगाबाद होतं. आमच्या कारखान्यामागच्या ज्वारीच्या शेतात बघता बघता सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या जाहिरातीच्या फलकावर निळाशार पोहण्याचा तलाव होता, आणि त्याच फलकाखालून आमचा पाण्याचा टँकर यायचा.

प्रयोगशाळेला पाणी फार लागतं हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. अर्क काढताना वाफ थंड करायला काचेच्या नळीभोवती तासन्‌तास पाणी फिरवावं लागतं. एरवी नळ सोडून द्यायचा. त्या वर्षी मी एक बादली घेतली, घरच्या जुन्या कूलरचा पंप काढून तिच्यात सोडला, वर बर्फाची लादी ठेवली आणि तेच पाणी फिरवत राहिले. चाललं. पण प्रत्येक तपासणी मोजून मापूनच करावी लागे. म्हणून मी एक नियम केला, स्वच्छ अक्षरात लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला: ‘पहिल्या तपासणीत माल नापास झाल्यास पुढच्या तपासण्या करू नयेत.’ खाली माझी सही. मला तो नियम फार आवडायचा.

अडुळसा आम्हाला मावशी द्यायच्या. खुलताबादच्या डोंगरालगतच्या एका वस्तीवर त्यांचं शेत. वय पंचावन्नच्या आसपास, उंच, पदर कायम घट्ट खोचलेला. त्यांच्या बांधाला सासूच्या वेळेपासून अडुळशाचं कुंपण होतं. अडुळशाला बकरी तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला तो चांगला. आसपासच्या बायकांच्या बांधावरचाही पाला त्या गोळा करायच्या, सावलीत वाळवायच्या आणि टेंपोतून पोती पाठवायच्या. तीन वर्षं एकदाही तक्रार नव्हती.

पद्धत अशी होती की आधी नमुना यायचा. जुन्या लुगड्याच्या कापडाची, तोंडाला नाडी असलेली पिशवी घेऊन मावशी स्वतः यायच्या. काळीपिवळी जीपनं शहरात, तिथून रिक्षानं चिकलठाण्याला. नमुना पास झाला की आम्ही कळवायचो आणि मग पोती यायची. नमुना दिल्यावर मावशी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून चहा घ्यायच्या आणि माझ्या भांड्यांकडं बघत एखादा शेरा मारायच्या.

“ताई, लई कुटाना करता तुमी एवढ्याशा पाल्याचा. माझी सासू नुसतं हुंगून सांगायची.”

“मग सासूबाईंनाच नोकरीला लावलं असतं की.”

“लावलं असतं, पण तिनं तुमचं ऐकलं नसतं. तिनं माझंबी कदी ऐकलं नाय.”

त्या वर्षीचा नमुना आला तेव्हा मी पिशवी उघडून थक्क झाले. बाहेर सगळं करपलेलं, आणि हे पान वाळूनही हिरवं, नितळ, शिरा मोजाव्यात असं. आकडाही तसाच. अडुळशाची इतकी उंच टेकडी माझ्या यंत्रानं कधी काढली नव्हती. झाडाला पाण्याची ओढ बसली की कधी कधी असं होतं, पानं थोडी पण कस जास्त. मी खूश होऊन चार पोती मागवली.

पोती आली. पोत्यात खुपसायची पोकळ सळई असते, तिनं मी चारही पोत्यांतून वरचा, मधला, तळाचा माल काढला. पान मळकट करडं दिसलं, चुराही झालेला. पोतं हलवलं की धूळ उडत होती, पण त्या वर्षी कशातून उडत नव्हती? मी कुटलं, बादलीत बर्फ टाकला, अर्क काढला. टेकडी बुटकी आली. मर्यादेच्या जरा खाली. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच.

नियमाप्रमाणे मी तिथंच थांबले. पोत्यांना लाल चिठ्ठी लावली आणि खरेदीच्या साहेबांना कळवलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. पण माणसाबद्दलचं मत ते एकदाच बनवायचे आणि मग त्याला जपायचे. म्हणाले, “सरळ आहे. नमुना एका झाडाचा, माल दुसऱ्याच झाडाचा. दुष्काळात सगळेच करतात. शनिवारी नाव काढू.”

मावशींना निरोप गेला आणि त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. मी नेहमीप्रमाणे चहा ठेवला. साहेब खुर्ची न घेता उभ्यानंच बोलले.

“मावशी, दाखवायचं एक आणि भरायचं दुसरं, असं आमच्याकडं चालत नाही.”

“दुसरं कुठून आणू, साहेब?” मावशी म्हणाल्या. “यंदा दुसरं काय हिरवं हाय तरी का आमच्याकडं? बांधावरचंच हाय. एकाच बांधावरचं.”

“मग आकडे वेगळे कसे?”

मावशी माझ्याकडं वळल्या. “ताई, तुमी सांगा यास्नी.”

त्या वेळी मी जे बोलले ते मला अजून आठवतं. मी म्हणाले, “मावशी, आकडा खोटं बोलत नाही.”

“मग मी बोलते व्हय?”

मावशींनी पुढ्यातला चहाचा कप उचलून बाजूच्या टेबलावर ठेवला, सांडू न देता. म्हणाल्या, “माल नका घेऊ. तुमची कंपनी, तुमची मर्जी. पन लबाड म्हनू नका. बारा घरच्या बायकांनी माझ्या शब्दावर पाला दिलाय. त्यांच्याम्होरं कोनतं तोंड घेऊन जाऊ?”

“पोती तरी घेऊन जा,” साहेब म्हणाले.

“राहू द्या हितंच.”

आणि त्या गेल्या. चहावर साय धरली.

मी कामाची माणूस. शनिवारचं काम मंगळवारी करून ठेवायची मला सवय. त्याच दुपारी वही काढली आणि मावशींच्या नावावर पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारून ठेवली, म्हणजे शनिवारी नुसती शाई फिरवायची. मग पुढचं काम: दुसरा माल शोधणं.

त्यासाठी शहागंजला गेले. तिथं काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत, ओळीनं. त्यातल्या एका चाचांकडं मी अधूनमधून जायची. दाढी मेंदीनं लाल, मांडीवर पितळी खल. सोबत मी लाल चिठ्ठीच्या मालातली एक पुडी नेली होती, रंग आणि जात जुळवायला.

“चाचा, असं पान आहे का? पण यापेक्षा चांगलं हवंय. हे नापास झालंय.”

चाचांनी चिमूटभर पान घेतलं, हुंगलं, आणि सरळ तोंडात टाकलं. अडुळसा किती कडू असतो हे खाल्ल्याशिवाय कळत नाही. चाचांचा चेहरा हलला नाही. ते डोळे मिटून सावकाश चावत राहिले. मग पुढं वाकून गटारात थुंकले.

“मॅडम, पत्ता तो अच्छाच है. ऐसा कडवा तो मेरे पास भी नै. ये फेल कैसे हुआ?”

“मशीनवर आकडा कमी आला.”

“मशीन के दाँत है क्या?” चाचा म्हणाले. “इसमें रेती भौत है. दाँतों में किरकिर हो री. तुम्हारी मशीन पत्ता तोली के रेती तोली?”

शेजारच्या दुकानातला माणूस हसला. मी नाही हसले. मी तिथंच उभ्या उभ्या एक पान जिभेवर ठेवलं आणि दातांखाली दाबलं. कचकच. बारीक, एकसारखी, पिठात खडे राहावेत तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी कपाटावरचा नियम काढला. फाडला नाही, घडी करून खणात ठेवला. मग दहा ग्रॅम पूड चिनी मातीच्या मुशीत घालून भट्टीत जाळली. पान सगळं जळून जातं, उरते राख. राखेत आम्ल ओतलं की पानाची स्वतःची राख बरीचशी विरघळते. जी विरघळत नाही ती माती, वाळू, दगड. या तपासणीला वाहतं पाणीसुद्धा लागत नाही. तरीही मी ती केली नव्हती, कारण माल पहिल्याच तपासणीत नापास झाला होता आणि नियम माझा होता.

दहा ग्रॅमात जवळजवळ अडीच ग्रॅम नुसती वाळू निघाली. मी ती वजा करून आकडा पुन्हा मांडला. टेकडी नमुन्याच्या टेकडीला जाऊन भिडली. एकच पान होतं. एकाच बांधावरचं.

मी कागद घेऊन साहेबांकडं गेले. त्यांनी नीट वाचला, दोनदा वाचला. मग म्हणाले, “मॅडम, पान एकच आहे हे मान्य. पण मग नमुन्यात वाळू का नाही? निवडून, पुसून, चकाचक करून दिला ना? ही लबाडीच झाली. उलट जास्त हुशारीची.”

नमुन्यातली उरलेली पानं मी जाळून बघितली, त्यात वाळू नावालाही नव्हती. बैठकीला दोन दिवस होते. मी एका दिवसाची रजा टाकली, आणि पिशवीत या वस्तू भरल्या: वजनाचा छोटा काटा, प्लास्टिकच्या पिशव्या, चिठ्ठ्या, रबर, पाण्याची बाटली, आणि विचारायच्या प्रश्नांचा कागद. प्रश्न सात होते.

घाट चढून काळीपिवळी वस्तीच्या फाट्याला लागली तेव्हाच पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली. फाट्याच्या अलीकडं डोंगराला मोठी खाच पडली होती आणि तिथं खडी फोडायचं यंत्र धडधडत होतं. मी त्या बाजूला दोन वर्षांनी जात होते, तेव्हा ते नव्हतं. खडीचे डंपर एकामागून एक शहराकडं उतरत होते. आमच्या कारखान्यामागच्या त्या सात मजल्यांसारखे किती मजले त्या डोंगरातून निघाले असतील कोण जाणे. रस्त्याकडेची लिंबं, बाभळी, विजेचे खांब, सगळ्यांवर राखाडी पीठ. एरवी पावसाची एक सर आली की सगळं धुऊन जातं. सरच नव्हती.

मावशींच्या बांधावरचा अडुळसा तसाच उभा होता, कुणीतरी वरून मैदा चाळल्यासारखा. अडुळशाच्या पानावर बारीक लव असते. तिच्यात धूळ अडकली की नुसत्या वाऱ्यानं जात नाही.

ओट्यावर मावशींचे यजमान, काका, दोरी वळत बसले होते. मला बघून म्हणाले, “या, या मॅडम. एकल्याच आलात? मला वाटलं पोलीस आनतान संगं.”

“गप बसा वो तुमी,” आतून मावशींचा आवाज आला. त्या बाहेर आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “बसा.”

मी बसले. दाराशी चार निळे पिंप होते, झाकणांना साखळी घालून कुलूप लावलेले. मावशींनी कमरेच्या किल्लीनं एक कुलूप उघडलं, तांब्या भरला, पुन्हा कुलूप लावलं आणि तांब्या माझ्यापुढं ठेवला. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी ती काढली नाही. तांब्यातलं पाणी प्यायले, आणि पुढचे प्रश्न बाजूला ठेवून एकच विचारला.

“मावशी, नमुन्याची पानं कुठली होती?”

“सांगितलं की. ह्याच बांधाची.”

“मग ती एवढी स्वच्छ कशी?”

मावशींनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं, मला काही झालंय का असं.

“धुतली की.”

“धुतली? का?”

“काऊन म्हंजे? पाहुन्याम्होरं लेकरू न्यायचं तर तोंड धूत नाय का आपन त्याचं? तुमच्या हातात जायाची पानं, तशीच मळकी देऊ व्हय?”

काकांनी दोरी खाली ठेवली. “आख्खा हंडा घातला हिनं, मॅडम. पेयाचा. टँकर चार दिसांनी येतो. मी म्हनलं, अगं, मॅडम काय भाजी करून खानार हाय का तेची? तर मलाच म्हनती, तुमाला काय कळतंय.”

“वाया गेलं का मग?” मावशी त्यांच्यावर उखडल्या. “त्याच पान्यात भांडी घासली. ऱ्हायलेलं म्हशीला ठिवलं.”

“म्हशीनं तोंड तरी लावलं का? कडू झालेलं समदं. शेवटाला बांधालाच वतलं. ज्याचं त्याला.”

“आणि पोत्यातली पानं?” मी विचारलं. “ती का नाही धुतली?”

“चार पोती धुवायला दोन टँकर लागतान, ताई. आन पोत्यातलं काय, ते गिरनीत जायाचं. ते काय तुमी हातात घेऊन बघताय थोडंच?”

मी कागदाची घडी केली. तीन वर्षं माझ्याकडं नमुना येत होता, आणि नमुना कशासाठी असतो हे मी या बाईला एकदाही सांगितलं नव्हतं. पोत्यात जे आहे ते जसंच्या तसं चिमटीत यावं, म्हणून नमुना. मला वाटलं होतं हे सगळ्यांना कळतं. मावशींच्या लेखी ती भेट होती. माणसाच्या हाती जाणारी वस्तू स्वच्छ करून द्यायची, एवढंच त्यांनी केलं होतं, तेही कुलपातल्या पाण्यानं. आधीच्या वर्षांतही त्या धूतच असणार. तेव्हा खडीचं यंत्र नव्हतं, आणि पडेल त्या सरीत पोत्यात जाणारा पालाही बांधावरच धुतला जायचा, म्हणून फरक पडत नव्हता.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. वाळूचा कागद दाखवला, शहागंजच्या चाचांनी पान चावून बघितलं तेही. मग म्हणाले, “मावशी, मी त्या दिवशी बोलले ते चुकलं. मी वाळू मोजली आणि तुम्हाला लबाड ठरवलं.”

मावशी बांधाकडं बघत होत्या. म्हणाल्या, “त्यो म्हातारा पान खाऊन सांगतो, माझी सासू हुंगून सांगायची, आन तुमाला एवढ्या काचा लागत्यात.” मग उठत, “जेवून जावा आता. पिठलं हाय.”

जेवण झाल्यावर आम्ही कामाला लागलो. पाण्याशिवाय धूळ कशी काढायची, हा खरा प्रश्न होता. मी ब्रश सुचवला. काका हसले. “आठ दिस लागतान एका पोत्याला.” मावशींनी अंगणातली काथ्याची बाज ओढली, तिच्यावर अडुळशाच्या ताज्या फांद्या पसरल्या आणि शेवग्याच्या काठीनं हलक्या हातानं झोडपायला सुरुवात केली. पान तुटत नव्हतं आणि बाजेच्या विणीतून धूळ खाली पडत होती. मी बाजेखाली वर्तमानपत्र अंथरलं, पडलेली धूळ काट्यावर ठेवली आणि वजन लिहून घेतलं. झोडपलेल्या पानांची एक पिशवी, न झोडपलेल्यांची एक. दोन्हींना चिठ्ठ्या.

“धूळबी मोजता का तुमी?” काका म्हणाले. “मंग हितंच ऱ्हावा. लई काम हाय तुमाला.”

शुक्रवारी सकाळी दोन्ही पिशव्यांतली पानं ओव्हनमध्ये वाळवली आणि जाळून बघितली. झोडपलेल्या पानांत वाळू मर्यादेच्या आत आली होती. कारखान्यात पडलेली चार पोती मी मागच्या शेडमध्ये उघडली आणि गव्हाच्या मोठ्या चाळणीवर हलवून घेतली. वाळलेला पाला वर राहिला, खाली करड्या पिठाचा ढीग. पुन्हा नमुना, पुन्हा बर्फाची लादी, आणि दीड दिवसाचं काम रात्रभर थांबून. ही टेकडी पास झाली.

शनिवारच्या बैठकीत मी साहेबांपुढं सगळे कागद ठेवले आणि हंड्याची हकीकत सांगितली. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, “प्यायचं पाणी?”

“प्यायचं.”

“नाव राहू द्या,” ते म्हणाले. “आणि पुरवठादारांना नमुना कसा काढायचा ते समजावून सांगण्याचं काम कुठल्या यादीत आहे?”

“कुठल्याच नाही.”

“घाला मग.”

मी घातलं. मावशींच्या नावावरची पेन्सिलीची रेघ खोडली. रबरानं रेघ जाते, पण कागदावर खोबण राहते. वही तिरकी धरली की ती अजून दिसते.

पुढच्या खेपेला मावशी आल्या तेव्हा साहेब स्वतः चहाचा कप घेऊन प्रयोगशाळेत आले. “घ्या, मावशी.”

मावशींनी कपात डोकावून बघितलं. “साखर हाय का, साहेब? का आधी ताईकडून मोजून आनू?”

साहेबांनी मान खाली घातली, पण हसत होते. मावशींनी चहा घेतला, शेवटच्या घोटापर्यंत.

त्या खडीच्या यंत्राच्या जागी आता कुंपण घातलेले प्लॉट आहेत आणि मावशींच्या बांधाला लागून डांबरी रस्ता गेलाय. अडुळसा आहे. कपाटावर नवी यादी आहे, तिच्यात राखेची तपासणी सगळ्यात वर. पण मला सांगायचं आहे ते त्याच चहाच्या दिवसाचं. दुष्काळ संपलेला नव्हता, टँकर तसेच चालू होते. चहा झाल्यावर मावशींनी पिशवीतून नमुना काढला. पानं मळकट, बाजेवर झोडपलेली, पोत्यात जशी होती तशी. अगदी मी सांगितल्याप्रमाणं, वरची, मधली, तळाची.

“ही मशीनची,” त्या म्हणाल्या.

मग लुगड्याच्या कापडाची दुसरी पिशवी काढली, लहान, नाडी लावलेली. मी उघडली. हिरवी, नितळ पानं.

“ही तुमची. खोकला येतोय न तुमाला, मागच्या टायमाला बघितलं मी. काढा करून घ्या.”

“मावशी,” मी म्हणाले, “पुन्हा पाणी घातलंत?”

त्यांनी पदर खोचला, उठून उभ्या राहिल्या आणि दाराकडं जाता जाता म्हणाल्या,

“अर्धाच हंडा, ताई.”